इंजेक्शन मारलं की घोड्याचा सांधा बरा होतो? नाही

सारंगखेड्याच्या घोडेबाजारावरून एक मेसेज फिरतोय, की मागच्या पायाच्या हॉकला, म्हणजे पायाच्या मधल्या घोट्यासारख्या सांध्याला, सांधेदुखी असली तरी घोडा स्वस्तात उचला, स्टिरॉइडचं एक इंजेक्शन मारलं की विषय संपला. संपत नाही हो. त्यानं सूज न् दुखणं काही आठवडे, फार तर काही महिने दबतं, झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं मऊ आवरण, परत येत नाही, आणि विकणाऱ्याने आधीच तेच टोचून आणलं असेल तर तुम्हाला लंगडणं दिसणार कसं? आपला डॉक्टर न्या, पाय मिनिटभर दुमडून धरायचा, सोडल्या सोडल्या दुडक्या चालीनं पळवून लंगडतो का बघायचं, एक्स-रे काढायचा. घोडा बादच असंही नाही म्हणा, हॉकचे खालचे सांधे कधीकधी आपोआप जुळून एकसंध हाड होतात नि दुखणं थांबतं, हलक्या रपेटीला चालतो. नाचकामाला मात्र नकोच, तिथं सगळा भार मागच्या पायांवर.