रिंगा गेल्या म्हणायच्या आधी डिझेलचा रस्ता बघा : एका मेस्त्रींच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार मेस्त्री,

जुनं पिकअप बिघडलं तर आधी डिझेलचा पाईप आणि फिल्टर बघा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही निपाणीकडं २८ वर्षं डिझेल गाड्यांचं काम करताय आणि तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की जुनं पिकअप सकाळी उशिरा स्टार्ट होतंय, पांढरा धूर मारतंय, चढाला ओढत नाही म्हणजे पंप-नोझल (इंजिनात दाबानं डिझेल फवारणारे भाग) नाहीतर पिस्टनच्या रिंगाच गेल्या; ‘पाईप आणि फिल्टर बघा’ सांगून मी लोकांचा वेळ घालवतोय, पंप सेट केल्यावर गाड्या सुधारतात हे तुम्ही डोळ्यानं बघितलंय, आणि मेस्त्री नसलेल्या माणसानं लोकांना नट ढिला करायला सांगू नये.

नटाचं तुमचं शंभर टक्के खरं आहे, ते आधी लिहितो. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाईपचा नट ढिला करायचा, आवाज बदलला नाही तर तोच सिलेंडर मेलेला, असं मी लिहिलं होतं. पण कुठल्या इंजिनाला आणि कुणी करायचं हे लिहिलंच नाही, ही माझी मोठी चूक. कॉमन रेलच्या (नव्या पद्धतीच्या, कॉम्प्युटरनं डिझेल सोडणाऱ्या) गाडीत हजार-दीड हजार बारचं प्रेशर असतं, तिथं चालू इंजिनवर त्या नटाला पाना लावायचाच नाही. जुन्या मेकॅनिकल पंपाचं नोझलसुद्धा दीड-दोनशे बारला उघडतं. डिझेलची बारीक धार कातडीतनं आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आतून हात सडायला लागतो. कुणाला असं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच दवाखान्यात जावा. तो परिच्छेद मी काढून टाकलाय. तुम्ही रागावला ते बरं झालं.

पण बाकीच्याला मी हो म्हणणार नाही, कारण हे मी आमच्या गाडीवर भोगलंय. आमचं पिकअप जुनं, मेकॅनिकल पंपाचं, बेळगावातनं भाजी भरून जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरून गोव्यात म्हापशाला जायचं. भरल्या गाडीला तक्रार नाही कारण जाताना उतारच, पण परतीला गाडी रिकामी असून चोर्ला चढताना मधेच दम सोडायची, दुसऱ्या गिअरात टाकून रखडत वर यायचं, मागं गाड्यांची रांग. आणि सकाळी घरी स्टार्ट व्हायची, दहा सेकंदात बंद, परत सेल्फ, परत बंद, मग भसकन पांढरा धूर. गॅरेजला दाखवली, ऐकूनच सांगितलं पंप. पंप काढला, बेंचवर सेट करून आणला, नोझल बदलली, बिल १४ हजार. चार दिवस बरी चालली, पाचव्या दिवशी परत तेच. मग दुसरीकडं सांगितलं बोअर करा, म्हणजे इंजिन उघडून सिलेंडर आतून घासून घ्या. घरात पैसे नव्हते म्हणून थांबलो, नाहीतर इंजिन उघडलंच असतं.

सापडलं कसं ते सांगतो, लेखात मी हे नीट लिहिलं नव्हतं. आमच्या अंगणाला चढ आहे, गाडी तोंड वर करून लागते, टाकी मागं खाली. म्हापशाला आम्ही जिथं लावतो तिथं उलट, तोंड उताराला. वडील एकदा जेवता जेवता म्हणाले, ‘म्हापशाला रात्रभर लावली तरी पहिल्या सेल्फला घेते की.’ मी जेवण तसंच ठेवून उठलो. रिंगा गेल्या असत्या तर त्यांना चढ काय आणि उतार काय? कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला हवेचा दाब, गाडीचं तोंड कुठं आहे ते बघत नाही. तोंड वर असलं की रात्रीत पाईपमधलं डिझेल मागं टाकीत उतरतंय, म्हणजे कुठंतरी हवा शिरतेय एवढाच त्याचा अर्थ.

आणि मेस्त्री, इथंच लोक फसतात, गॅरेजवाले पण फसतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतनं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतचा) पाईप ओढीवर असतो. तिथं चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळं हात फिरवला तर सगळं कोरडं आणि माणूस म्हणतो लीक नाही. फीड पंपाच्या पुढं दाब असतो, तिथली गळती ओली दिसते. म्हणून ‘ओलं नाही’ यावरून ओढीची बाजू सोडून देता येत नाही.

मी काय केलं, पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेतलं, कॅन पंपापेक्षा उंच आणि सायलेन्सरपासून लांब बांधला, फीड पंपाचा ओढीचा पाईप थेट त्यात सोडला, उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्न पाईप पण त्यातच, हवा काढली आणि रात्रभर गाडी तशीच अंगणात तोंड वर करून. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू, धूर नाही. म्हणजे मोठा पंप ठीक, नोझल ठीक, रिंगा ठीक, दोष बहुतेक टाकी ते फीड पंप एवढ्यातच. मग तेवढाच रस्ता हातानं तपासत गेलो तर चॅसीच्या वळणावर क्लॅम्पखाली रबरी पाईपला चीर. बेळगावच्या उद्यमबागेतनं डिझेलला चालणारा पाईप आणला, दोन नवे क्लॅम्प, २१० रुपये. त्याच आठवड्यात चोर्ला तिसऱ्यात चढली.

आता तुमच्या बाजूचं. रिंगा जातात, नाही कुठं म्हणतोय? ऑइल कॅप काढल्यावर फकफक धूर येत असेल, ऑइल खात असेल, निळसर धूर असेल तर मी पण पाईप बघत बसणार नाही, कॉम्प्रेशन टेस्ट करून चारी सिलेंडरमधला फरक बघायला सांगेन. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नाही आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग), आणि गरम असताना रेडिएटरची कॅप उघडायची नाही. सेल्फच हळू फिरत असेल तर बॅटरी, सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली जाते का बघा. अर्धा तास चालून दम सोडते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येतो तर झाकणाचं भोक बुजलंय. माझं भांडण एवढ्याचसाठी, की यातलं बरंचसं फुकटात बघता येतं आणि आमच्याकडं ज्याची ही गाडी असते त्याचं घर तिच्यावर चालतं. पंपाचे १४ हजार म्हणजे आमच्या घरी दोन महिने ओढाताण झाली.

राहिलं पंप सेट केल्यावर गाडी सुधारते ते. आमची पण सुधारली की चार दिवस. पंप बसवताना त्यांनी सगळी लाईन हलवली, क्लॅम्प जरा सरकून बसले, हवा नीट काढली, त्यामुळं चिरीचं तोंड मिटलं आणि गुण पंपाला मिळाला. तुमच्याकडच्या कितीतरी गाड्यांना पंपच लागत असेल, पण चार-आठ दिवसांनी परत आलेली एखादी आठवत असेल तर तिचा ओढीचा पाईप एकदा बघा.

आमचा तो जुना पाईप मी टाकला नाही. सरळ धरला तर काहीच दिसत नाही, जरा वाकवला की चीर उघडते. पुढच्या आठवड्यात निपाणीला यायचं आहे, तुमची हरकत नसेल तर घेऊन येतो.