बिझर्तची लढाई: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आपले आभार. जुलै १९६१ मध्ये ट्युनिशियाने बिझर्त या आपल्या किनाऱ्यावरील शहरातल्या फ्रेंच नाविक तळाच्या प्रश्नावरून फ्रान्सशी जे युद्ध केले, ते ट्युनिशियाचे अध्यक्ष हबीब बुर्गिबा यांनी स्वतःची प्रतिष्ठा सावरण्यासाठी रचलेले नाटक होते, त्यात निःशस्त्र पोरे हकनाक बळी गेली आणि तो तळ आज ना उद्या रिकामा झालाच असता, असे आपले म्हणणे आहे. गोव्यात भारताने जे दीड दिवसात उरकले ते ट्युनिशियाला का जमले नाही, असाही आपला सवाल आहे.

बुर्गिबांच्या हेतूंविषयी आपले म्हणणे बऱ्याच अंशी मान्य करावे लागते. शेजारी अल्जीरिया फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात पेटलेला असताना आपल्या किनाऱ्यावर फ्रेंच आरमार नांदू देणारा पुढारी म्हणून अरब जगात त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई आणि सालाह बेन युसुफ हे त्यांचे परागंदा प्रतिस्पर्धी त्याचा पुरेपूर लाभ उठवत होते. ट्युनिशियाने बिझर्तच्या तळाची केलेली कोंडी सुरू असतानाच बुर्गिबांनी सहारातील २३३ क्रमांकाच्या सीमाखुणेकडेही माणसे धाडली. त्या वाळवंटावर अल्जीरियन क्रांतिकारकांचाही दावा होता, त्यामुळे हा उपद्व्याप मला निव्वळ अविचारी वाटतो.

परंतु हेतू गढूळ होता म्हणून मागणी खोटी ठरत नाही. ट्युनिशिया २० मार्च १९५६ रोजी स्वतंत्र झाला, तरी बिझर्त फ्रेंचांच्याच हाती राहिले. तिथले सरोवर एका अरुंद कालव्याने समुद्राला जोडलेले असून शहर त्या कालव्यालगत वसले आहे, त्यामुळे तळ ज्याच्या ताब्यात त्याची शहरावरही नजर, अशी स्थिती होती. फेब्रुवारी १९५८ मध्ये फ्रेंच विमानांनी साकिएत सिदी युसुफ या ट्युनिशियन गावावर बाजाराच्या दिवशी बॉम्ब टाकले होते. त्या अनुभवानंतर, १९६१ मध्ये फ्रेंच बिझर्तच्या तळावरील सिदी अहमद या विमानतळाची धावपट्टी वाढवू लागले, तेव्हा ट्युनिसमध्ये त्याचा काय अर्थ लावला गेला असेल, हे वेगळे सांगायला नको.

१९ जुलैला गोळीबार सुरू झाला. फ्रान्सने छत्रीधारी सैनिक उतरवले, युद्धनौका कालव्यात घुसवल्या आणि पुढचे दिवस शहराच्या गल्लीबोळांत लढाई चालली. शस्त्रसंधी झाली तेव्हा जुनी वस्ती, म्हणजे मदिना, तेवढी ट्युनिशियन लोकांच्या हाती उरली होती. त्यांचे अधिकृत आकड्यानुसारच ६०० हून अधिक लोक मारले गेले, तर फ्रेंचांचे ३० हून कमी. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव डाग हॅमरशोल्ड स्वतः बिझर्तला गेले, तर छत्रीधारी सैनिकांनी त्यांचीच गाडी अडवून तपासली. विजेत्याची ही मग्रुरी फ्रान्सला पुढे महागात पडली: २५ ऑगस्टला आमसभेने ६६ विरुद्ध शून्य मतांनी ट्युनिशियाची बाजू उचलून धरली, ३० देश तटस्थ राहिले आणि फ्रान्स मतदानाला फिरकलाच नाही.

तळ आपोआप सुटला असता, हे मात्र मला पटत नाही. सप्टेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी बर्लिनच्या तणावाकडे बोट दाखवून निघण्याची तारीख देण्याचे टाळले होते. अल्जीरियाला स्वातंत्र्य देतानाही तिथला मेर्स एल-केबीरचा नाविक तळ १५ वर्षे राखण्याची अट त्यांनी घातलीच. अल्जीरियाचे युद्ध संपल्यामुळे बिझर्तची गरज कमी झाली हे खरे, पण १५ ऑक्टोबर १९६३ ही माघारीची तारीख त्या बदनामीवाचून इतक्या लवकर आली असती, असे म्हणायला आधार दिसत नाही.

गोव्याची तुलना मुळातच असमान आहे. पोर्तुगालची मोजकी फौज मायदेशापासून हजारो मैल दूर होती आणि समोर भारताचे सैन्य उभे होते. बिझर्तला अल्जीरियात मुरलेले फ्रेंच छत्रीधारी भूमध्य समुद्राच्या त्याच काठावरून काही तासांत येऊ शकत होते आणि त्यांच्यापुढे अवघ्या पाच वर्षांची ट्युनिशियन सेना होती. त्या सेनेतल्या काही अधिकाऱ्यांना आपल्याला पुरेशा तयारीविना आगीत लोटले गेले याचा इतका राग होता, की डिसेंबर १९६२ मध्ये बुर्गिबांविरुद्ध उघडकीस आलेल्या कटात तेही सामील निघाले. आपला पहिला आक्षेप पुढे न्यायचा असेल, तर तो या अधिकाऱ्यांपासून न्यावा.