केसालाही धक्का न लावता

पोहण्याने गुडघ्यांना आराम पडतो, हे अस्थिरोगतज्ज्ञ सांगतात. त्याच पाण्याने केसांच्या रंगाचे काय होते, हे सांगणे त्यांच्या शाखेत येत नाही. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्या आणि महिन्याच्या महिन्याला डोक्यावर गडद तपकिरी रंग चढवणाऱ्या माझ्यासारख्या पुरुषापुढे मोठाच पेच उभा राहतो. स्त्रियांना रंगवलेले केस चारचौघांत सांभाळता येतात. त्यावर त्या मोकळेपणाने चर्चाही करतात. पुरुषाचे केस मात्र मुळात रंगवलेलेच नसतात, अशी एक सर्वसंमत समजूत आहे. आमच्या सकाळच्या बॅचमधील बहुतेक सभासद निवृत्तीच्या अलीकडे-पलीकडे आहेत आणि त्यांपैकी एकाच्याही डोक्यावर पांढरा केस शोधून सापडणार नाही. याचे श्रेय कोणी आवळ्याला देतो, कोणी आजोळला. अशा मंडळींत राहून, जे रंगवलेलेच नाही त्याचा रंग टिकवायचा, हा खरा व्यायाम आहे. पोहणे त्यामानाने सोपे.

शत्रूची माहिती मी बारकाईने मिळवली आहे. केस रंगवताना अमोनियामुळे केसांवरचे खवले उघडतात आणि रंगाचे बारीक रेणू आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ते एकमेकांना जोडले जाऊन इतके मोठे होतात, की त्यांना सहजासहजी बाहेर पडता येत नाही. मात्र या उपद्व्यापात खवले पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत. तलावाच्या पाण्यातील क्लोरीन त्या फटींतून आत जातो आणि आत बसलेल्या रंगाची मोडतोड करतो. जंतू मारण्यासाठी लिटरमागे एक ते तीन मिलिग्रॅम क्लोरीन पुरतो आणि तेवढे प्रमाण राखणे आवश्यकच असते, याबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच, की जंतू आणि मी यांत त्याने थोडा फरक करावा. तलावाजवळ येणाऱ्या उग्र वासाला मात्र एकट्या क्लोरीनला जबाबदार धरता येत नाही. तो घाम आणि त्याहूनही खासगी द्रव यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. म्हणजे ती बॅचमधल्या सभासदांची करणी आहे. कोणाची, याचा माझा एक अंदाज आहे.

नवा रंग लावल्यावर निदान दोन-तीन दिवस तलावात उतरू नये, अशी आमच्या सलूनमधील मुलाची सक्त ताकीद असते. परिणामी दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मला सर्दी होते. इतकी वक्तशीर सर्दी पाहून बॅचमधील एका निवृत्त प्राध्यापकांनी मला हळद-दूध घ्या म्हणून सांगितले. त्यांची पाठदुखी तिसऱ्या आठवड्यात उद्भवते, हे मी त्यांना बोलून दाखवलेले नाही.

टोपी घालण्याची सक्ती आहे, ही माझ्या दृष्टीने पर्वणीच. कापडी टोपीतून पाणी सरळ आत येते. सिलिकॉनची टोपी बरी, पण तिच्यातूनही ते थोडेफार झिरपतेच. ती चढवणे हा एक स्वतंत्र सोहळा आहे. आतून टाल्कम पावडर भुरभुरायची, दोन्ही हातांनी तोंड ताणायचे आणि कपाळापासून मागे खेचायची. एवढे करूनही अर्ध्यातच ती फट्‌कन उडून शेजारच्याच्या पाठीवर जाऊन बसते. नीट बसली, तरी कल्ले बाहेरच राहतात. साऱ्या डोक्याचे संरक्षण झाले आणि कल्ल्यांचे झाले नाही, तर महिनाअखेर माथा तपकिरी आणि कानांपुढे तांबूस पट्टे, असा देखावा तयार होतो. ही जाहिरात रंगाची डबी हातात घेऊन फिरण्याइतकीच बोलकी असते.

यावर खोबरेल तेल हा नामी उपाय आहे. ते केसात मुरते आणि पाण्याला आत यायला जागा ठेवत नाही. पण तलावाच्या फलकावर दुसऱ्याच क्रमांकाला ‘तेल लावून पाण्यात उतरू नये’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे आणि पर्यवेक्षकांचे नाक तीक्ष्ण आहे. म्हणून मी पहिल्या क्रमांकाच्या नियमाला शरण गेलो: ‘शॉवर घेतल्याशिवाय प्रवेश नाही’. केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पितात; ती तहान आधीच साध्या पाण्याने भागवली, तर तलावाचे पाणी कमी शोषले जाते. त्यामुळे डिसेंबरातही त्या गारेगार धारेखाली मी डोके धरून निष्ठेने उभा असतो. नियम पाळणारा आदर्श सभासद म्हणून पर्यवेक्षकांनी माझा दाखला नवख्यांना दिल्याचे माझ्या कानावर आले आहे.

माझ्या भाचीचे दुःख वेगळे आहे. तिने ब्लीच करून सोनेरी बटा काढून घेतल्या, सुट्टीत एका रिसॉर्टच्या तलावात मनसोक्त पोहली आणि हिरवी होऊन परतली. ‘‘मामा, हे क्लोरीनमुळे झालं ना?’’ असे तिने रडवेल्या आवाजात विचारले. क्लोरीनवर माझा कितीही राग असला, तरी न्याय तो न्याय. हिरवेपणा तांब्यामुळे येतो. शेवाळ मारण्यासाठी काही ठिकाणी पाण्यात मोरचूद टाकतात. द्राक्षबागांवर चुन्याबरोबर फवारतात तेच. त्यातले तांबे फिकट केसांवर बसते आणि रंग दाखवते. धातू धरून ठेवणाऱ्या खास शाम्पूने तिच्या बटा बऱ्याचशा माणसांत आल्या. मात्र ‘‘तुला एवढं कसं माहीत?’’ या तिच्या प्रश्नावर मला तातडीने फोन आल्याचे नाटक करावे लागले.

बाहेर आल्यावर केस लगेच धुणे महत्त्वाचे असते, कारण टोपीखाली राहिलेले पाणी वाळेपर्यंत आपले काम करीत राहते. क जीवनसत्त्व क्लोरीनचा प्रभाव घालवते, म्हणून त्याची चिमूटभर पूड पाण्याच्या बाटलीत विरघळवून मी ती डोक्यावर ओततो. सुरुवातीला चघळायच्या नारिंगी गोळ्या वापरून पाहण्याचा पत्नीचा सल्ला मी त्यांतील साखरेचा विचार करून नाकारला. कोणी विचारलेच, तर बाटलीत तुरटीचे पाणी आहे, असे उत्तर तयार ठेवले आहे.

परवा कपडे बदलण्याच्या खोलीत आम्ही दोघेच असताना त्या प्राध्यापकांनी इकडेतिकडे पाहिले आणि अगदी खालच्या आवाजात विचारले, ‘‘कितवा नंबर लावता?’’ मी आधी चष्म्याचा सांगितला. ते हलले नाहीत; त्यांना डबीवरचा छटेचा नंबर हवा होता, जो वाढेल तितका रंग फिकट. शेवटी मी म्हणालो, ‘‘तीन.’’

‘‘तीन?’’ माझ्या कल्ल्यांकडे निरखून पाहत ते म्हणाले, ‘‘मला चार वाटला होता.’’

‘‘लावतो तीनच, सर. चार तलाव करतो.’’