चौकडीचा शर्ट आणि काकाजींची मोजणी

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लियर करून टाकते. खिसा जुळला होता. छातीवरचा खिसा असा बसला होता की त्यात पेन अडकवेपर्यंत तिथं खिसा आहे हे कळत नव्हतं. समोरची बटणपट्टीही जुळली होती, उजवीकडची आडवी रेघ पट्टी ओलांडून डावीकडे न अडखळता जात होती. कॉलरच्या दोन्ही टोकांना लाल रेघ सारख्याच जागी. पण हे मी सांगू कोणाला, परवाच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, यातलं काहीही कोणी ढुंकून पाहिलं नाही, पाहिलं ते डाव्या काखेखाली.

साक्षगंध माझ्या चुलत भावाचं, दारव्ह्याजवळ, माझ्या माहेरच्या गावात. आमचे हे जावई, म्हणून पहिल्या रांगेत खुर्ची. अंगात मी शिवलेला निळ्या-लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट. आपल्याकडे जावयाला टोपी-दुपट्टा-नारळ झाल्याशिवाय कार्यक्रम पुढे सरकत नाही, तर ह्यांनी डोक्यावरची टोपी सांभाळत दुपट्टा घालून घ्यायला दोन्ही हात वर केले आणि तेवढ्यात बाजूच्या खुर्चीवरचे काकाजी पुढे वाकले.

काकाजी म्हणजे आमच्या गावचे रिटायर्ड तलाठी. नोकरी सुटून जमाना झाला, पण कुठेही दोन रेघा एकमेकींना भेटताना दिसल्या की त्यांचा हात आपोआप कपाळावरच्या चष्म्याकडे जातो. चष्मा नाकावर आला. बोट ह्यांच्या बरगडीवर आलं.

"थांबा जावईबापू, हात खाली नका करू." मग मला हाक. "पोरी, इकडं ये बरं. हा धुरा पाय."

मला वाटलं वावराचं काही निघालं असेल, वडिलांचा आणि शेजारच्यांचा धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, जुना वाद आहे. म्हटलं, "कोणता धुरा काकाजी?"

"जावयाचा. हे पाय, हे लाल रेघ समोरून आली, पोटावरून सरळ आली, मस्त आली. अन् इथं शिवणीपाशी येऊन मेली. मांगची लाल रेघ कुठं हाय? थे खाली हाय. म्हंजे काय झालं?"

"काय झालं?"

"समोरच्यानं मांगच्याच्या वावरात धुरा कोरला."

"काकाजी, थे चेक्स आहेत."

"चेक्स असो का गट नंबर असो, हद्द म्हंजे हद्द."

आणि एवढ्यावर थांबले असते तरी मी हसून सोडून दिलं असतं. पण त्यांनी एका पोट्ट्याला घरात पाठवून कंपासपेटीतली पट्टी आणवली. खरंच आणवली. जावई हात वर करून उभे, नवरी मुलगी अंगठीसाठी बोट पुढे करून बसलेली, भटजी घड्याळाकडे बघताहेत, आणि काकाजी ह्यांच्या काखेत पट्टी लावून डोळे बारीक करताहेत. मग त्यांनी मांडवाला ऐकू जाईल असं सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाहीर केलं, "दीड सूत!"

पलीकडच्या खुर्चीवरून दुसरे एक आजोबा, "किती?"

"दीड सूत. अन् हे वरतं. खालतं येता येता दोन झालं."

"मंग मूळ हद्द कोणती धराची, समोरची का मांगची?"

हा प्रश्न काकाजींना फार आवडला. ते खुर्चीत सरळ झाले. "समोरची. समोरचं आधी कापते ना? काय वो पोरी, आधी काय कापलं तू?"

आता मी काय खोटं बोलणार. म्हटलं, "समोरचं."

"पाय. मंग मांगच्यानं अतिक्रमण केलं."

"वा रे वा," आजोबा म्हणाले, "आधी कापलं म्हून समोरचं खरं का? उद्या म्या आधी नांगर घातला तं वावर मायं? मोजणीची शीट पायल्याशिवाय कसं काय बोलता?"

"शीट कायची? कापड हाय थे!"

"मंग मोजता कायले!"

या मुद्द्यावर आजोबांचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं, पण तोपर्यंत नवरीकडची चार माणसं बघायला उठून आली होती. एक जण म्हणे, दोन्हीकडून अर्धं अर्धं सोडा अन् मिटवा. ह्यांचे हात अजून वरच. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की बस. फोटोग्राफरला वाटलं ही काही इकडची रीत असेल, तो फोटो काढत सुटला.

आणि मग मला दिसला काकाजींचा स्वतःचा शर्ट. तोही चौकड्याचा! आणि काय सांगू, खिसा अख्खी चौकड खाली, बटणपट्टीच्या इकडे हिरवं तर तिकडे पिवळं, बाजूच्या शिवणीत तर दोन्ही पाखांची, म्हणजे समोरच्या-मागच्या तुकड्यांची, तोंडओळखही नाही. मी म्हटलं, "काकाजी, तुमच्या शर्टाची मोजणी कोण करणार?"

त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. "हा रेडीमेड हाय पोरी. रेडीमेडचं कोण पायते? तुह्यं घरचं हाय म्हून सांगून रायलो."

तर हे आहे. दुकानातून पैसे देऊन आणलेल्याला सगळं माफ. घरी शिवलेलं दिसलं रे दिसलं की लोक काखेत पट्टी घालतात.

आता ज्यांना वाटतं की चौकडी जुळवायची म्हणजे काय, रेघेला रेघ लावली अन् मारली टीप, त्यांच्यासाठी जरा सांगतेच. भांडण दुकानापासून सुरू होतं. 58 इंच पन्ह्याचं कापड असलं तर फुल शर्टाला 1.60 मीटर लागतं, ते साध्या कापडाला. चौकडीला वरून घ्यावं लागतं, कारण प्रत्येक पीस कापताना तीच रेघ त्याच जागी यावी म्हणून मापाचा पेपर खालीवर सरकवावा लागतो, आणि चौकड जेवढी मोठी तेवढं मधलं कापड वाया. मी म्हटलं पाव मीटर जास्त द्या. दुकानदार म्हणे, ताई, कायले पैसे घालवता, दीड मीटरात शर्ट होऊन उरते. अहो पण शिवणार मी, पैसे माझे, तुमचं काय जाते? मग त्याने दिलं, पण कापलं असं की एका काठाला कैची लाल रेघेवर आणि दुसऱ्या काठाला पोचेपर्यंत दोन चौकड्या खाली. कापडावर आखून दिलेली सरळ रेघ आहे बाप्पा! त्याच्यावरून फक्त कैची चालवायची! वरून मागून घेतलं त्यातलं निम्मं ती तिरपी बाजू सरळ करण्यातच गेलं.

घरी आणून आधी पाण्यात घातलं, आटायचं ते आटू दे. वाळल्यावर जमिनीवर पसरलं तर आडवे धागे मधे वाकलेले. हे कसं होतं ते पण सांगते, मिलमधे कापड शेवटी दोन्ही काठांनी ताणून धरून वाळवतात, तेव्हा काठ पुढे जातात आणि मधला भाग मागे राहतो, झालं, आडवी रेघ वाकली. साध्या कापडात कोणाला कळत नाही. चौकडीत रेघ स्वतःच ओरडून सांगते. यावर उपाय म्हणजे कापड ओलं करून तिरपं ताणायचं, दोन माणसं लागतात. दुसरं माणूस म्हणजे हे. अंगणात एक कोपरा मी, समोरचा कोपरा हे, मी म्हटलं ओढा, तर ह्यांनी असा हिसका दिला की मी तुळशीपर्यंत गेले. शेजारची काकू कुंपणावरून विचारते, सतरंजी धुतली का वो?

बरं चौकडी पण दोन जातीच्या असतात. एक मधोमध घडी घातली तर दोन्हीकडे सारखी दिसते, ती गुणाची. दुसरीत रेघांचा क्रम एकाच दिशेने चालतो, लाल-निळा-पांढरा, लाल-निळा-पांढरा, उलटी फिरवली की क्रमच उलटा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दोन्ही बहिणी सारख्याच दिसतात. माझी दुसरी निघाली. म्हणजे कापड दुहेरी करून एकदम दोन पाख कापायचं विसरा, प्रत्येक पीस एकेरीत कापा. आणि जुळवायचं ते कापलेल्या कडेवर नाही, टीप जिथं बसणार त्या रेघेवर, कारण मार्जिन आत गेलं की कडेला जुळलेलं काही कामाचं नाही. मुंढ्याच्या गोलाईत आणि बाहीत सगळंच जुळत नाही, कोणाचंच जुळत नाही, तिथं समोरच्या बाजूची एक रेघ धरायची आणि मागे देवाच्या भरवशावर सोडायचं. पाठीवरचं योक, म्हणजे खांद्यामागची पट्टी, मी चक्क औरेबात, तिरकस, कापलं, तिरप्या चौकडीला जुळायचं बंधनच नाही, लोकांना वाटतं डिझाईन आहे.

आणि एवढं सगळं करून मशीनवर बसलात की मशीनचे दाते आपलं काम करतात. सुईजवळच्या दाबायच्या पायाखाली कापडाचे दोन पदर असतात, दाते खालच्याला पुढे ढकलतात आणि वरच्याला पाय दाबून धरतो, म्हणून खालचा पदर केसभर केसभर पुढे जातो. काखेपासून घेरापर्यंत ते केस जमा होत होत दीड सुताचं दोन सूत होतं. काकाजींना हे कळलं असतं तर त्यांनी मशीनला नोटीस काढली असती. टाचण्या लावा, प्रत्येक रेघेला धावदोरा घाला, हे सगळं मला माहीत आहे आणि हे सगळं मी केलं होतं. वरचं कापडही सोबत ओढणारा एक वेगळा पाय मिळतो, पण तो आमच्या पायडलच्या जुन्या मशीनला बसत नाही.

तरी बरं, हे सगळं कापसाच्या देशात. आमच्या दारव्ह्यावरून शकुंतला रेल्वे जायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ, इंग्रजांच्या काळी कापूस न्यायला टाकलेला छोटा रूळ. इथला कापूस विलायतेला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. इंग्रज गेले, शकुंतलाही बंद पडली, पण कापूस अजून बहुतेक जिनिंगमधून बाहेरच जातो आणि कापड बहुतेक बाहेरूनच येतं. मधे कुठे तरी कोणी तरी त्याचे धागे वाकवून ठेवतो, आणि माहेरी नाव माझं जातं.

लोक कशाकशाचं सोनं करतात बघा. आपल्या मद्रास चेक्सचा कच्चा रंग पहिल्या धुण्यात एकमेकांत उतरायचा. 1950च्या दशकात ते कापड अमेरिकेत गेलं तेव्हा आधी बोंब झाली, मग त्यांनी जाहिरातच केली की या कापडाचा रंग जाणार म्हणजे जाणार, गॅरंटी! आणि लोकांनी हौसेने घेतलं. इथं दीड सुतासाठी पंचायत.

पण खरं सांगू का, काकाजी परवडले. त्यांनी निदान मोजलं. मोजणी चालू असतानाच नवरीची आई माझ्याजवळ सरकली आणि म्हणाली, "अय्या, घरीच शिवता का? मंग ब्लाऊजही शिवत असान ना? मायाजवळ तीन कापडं पडून हायेत." ओळख होऊन अर्धा तास. आणि हे नेहमीचंच आहे. जावेच्या मुलीचा युनिफॉर्म, नणंदेच्या परकराला नाडीची पट्टी, शेजारणीची पिशवी, साडीला फॉल, "दोन टिपा तं माराच्या आहेत, घरीच तं असते तू". दोन टिपांसाठी दोरा बदला, बॉबिन भरा, सुई ओवा, पाठ धरेपर्यंत पायडल मारा. पैशांचं कोणी काढत नाही, आपण काढले तर आपण लोभी. तालुक्याचा टेलर शिलाई वाजवून घेतो, चौकडी जुळवत नाही, वर म्हणतो कापड कमी होतं, आणि हेच लोक मान हलवून शर्ट घेऊन येतात. त्याच्या काखेत कोणी पट्टी घालत नाही. त्याचं ते काम आहे ना. माझा टाइमपास.

नवरीच्या आईला मी काय सांगितलं असेल? सांगितलं, पाठवून द्या. आता नाही कसं म्हणायचं, सोयरीक नवी आहे.

ह्यांनी मात्र त्या दिवशी पुढचा सगळा कार्यक्रम डावा हात कमरेवर दाबून काढला, शिवण कोणाला दिसू नये म्हणून. जेवताना पण. पंगतीत आमटी वाढणाऱ्याला द्रोण उजव्या हातानेच दाखवताहेत, तो धरायला डावा हात काही मोकळा करत नाहीत. फॅमिली ग्रुपवर फोटो आले तेव्हा एकूण एक फोटोत हे असेच, बरगडीखाली हात, चेहरा आंबट.

काल पुसदहून मोठ्या आत्याचा फोन. "काय वो, जावयाले मुतखडा झाला का? फोटोत पायलं म्या, सारखा हात तिथंच. सांगितलं नाही तू."

मी खरं सांगणारच होते, पण मग अख्खी मोजणी परत सांगावी लागली असती.

म्हटलं, "हाव आत्या."

"कितीचा हाय?"

"पाच एमएमचा."

"मंग काई नाई होत, पाण्यानंच पडते थो," आत्या म्हणाली. "पानफुटीचे पानं दे सकाळी उपाशीपोटी. अन् टमाटे बंद कर."

तेव्हापासून हे रोज सकाळी उठून पानफुटी चावताहेत, कारण आत्या व्हिडिओ कॉल करून बघते.