‘पासिंगचा कागद दाखवून गाडी गळ्यात मारली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय आणि सोबत टाकलेला तपासणीचा कागद, दोन्ही नीट वाचले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून बारा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक घेतली तेव्हा ती पासिंग झालेली होती. दहा महिन्यांनी वार्षिक तपासणीत मागचे ब्रेक, पुढचा टायर, हेडलाइट आणि धूर या चार बाबींवर ती नापास झाली. म्हणजे आधीचा कागद बोगस, शिवाय चेक इंजिनचा दिवा आम्ही ‘पुसून’ दिला, तेव्हा गाडी परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. ही मागणी मान्य करता येणार नाही. का, ते तुमच्याच कागदावरच्या आकड्यांवरून सांगतो, कारण गॅरेजने तुम्हाला सांगितलेलं सगळ्यात महागडं काम बहुधा करावंच लागणार नाही.

आधीचा कागद खरा आहे. पण त्याचं दुसरं पानही वाचायचं असतं. त्यावर तीन शेरे आहेत: मागच्या दोन चाकांच्या ब्रेकमधला फरक २२ टक्के, पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या कडेची नक्षी २.६ मिमी खोल, डाव्या लोअर आर्मच्या (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बुशला, म्हणजे रबरी जोडाला, तडे पण ढिलेपणा नाही. ब्रेकमधल्या फरकाची मर्यादा ३० टक्के आणि टायरच्या नक्षीची १.६ मिमी. सगळं मर्यादेत होतं म्हणून गाडी पास झाली, आणि मर्यादेकडे निघालेलं होतं म्हणून शेरे पडले. ते पान गाडी देताना तुमच्या सहीने दिलं आहे. तपासणी ही त्या दिवशीची स्थिती असते. नव्या गाडीचे आकडे मर्यादेपासून इतके लांब असतात की वर्षभर लक्ष दिलं नाही तरी फारसं बिघडत नाही. बारा वर्षांच्या गाडीला ती सवलत नसते.

आता ब्रेक. कागदावर मागच्या डाव्या चाकाचा जोर १.६ किलोन्यूटन आहे आणि उजव्याचा ०.९, म्हणजे फरक ४४ टक्के. तुम्हीच लिहिलंय की गाडी फक्त सुट्टीच्या दिवशी निघते, एरवी उघड्यावर हँडब्रेक ओढून उभी असते. मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीला हे मानवत नाही. ड्रमला गंज धरतो, त्याला आतून घासून गाडी थांबवणारे शू चिकटतात, शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकतो आणि शू-ड्रममधलं अंतर राखणाऱ्या ॲडजस्टरचे आटे जाम होतात. मग एक बाजू धरते, दुसरी अर्धवट. तुमच्या मेकॅनिकने हँडब्रेकची केबल ताणून दिली आणि तरी गाडी पुन्हा नापास झाली, यात नवल नाही. केबल ताणली की शू मूळ जागेवर परत बसत नाहीत आणि आपोआप चालणारा ॲडजस्टर काम करणं सोडतो. केबल सगळ्यात शेवटी बघायची असते.

काम असं व्हायला हवं: आधी केबल पूर्ण सैल करायची, मग दोन्ही ड्रम काढायचे, एकच नव्हे. व्हील सिलिंडरचं रबरी टोपण थोडं उचलून बघायचं. आत ओल दिसली की सिलिंडर बदलायचा. ऑइल लागलेला शू धुऊन, घासून परत वापरायचा नाही, आणि शू बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. आतून मोजून तो ओलांडला असेल तर ड्रमही जोडीने. ॲडजस्टर साफ करून उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटभर, शूच्या लायनिंगला न लागेल असं. मग शू जुळवायचे, ब्रेक ऑइल नवं भरून हवा काढायची आणि त्यानंतर केबल. डॉट ४ ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ३.७ टक्के पाणी शोषलं की ही खात्री १५५ अंशांपर्यंत घसरते. म्हणून गाडी कमी चालो की जास्त, दोन वर्षांनी ते बदलायचंच. आणि सपाट जागी जास्त दिवस उभी ठेवायची तर गिअरमध्ये टाकून चाकाला अडण लावा, हँडब्रेक सोडून द्या.

‘टायरवर नक्षी दिसतेय तरी नापास’ असं तुम्ही लिहिलंय. फोटोत दिसते ती बाहेरची कड. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघा. खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. आतून झिजण्याचं कारण बहुधा तोच बुश. त्यामुळे क्रम महत्त्वाचा: आधी बुश, मग टायर, मग चाकांची अलाइनमेंट. नुसता टायर टाकलात तर तोही आतूनच जाईल.

हेडलाइटचं सोपं आहे. गाडी घेतल्यावर तुम्ही एलईडी बल्ब बसवलेत. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये प्रकाशाचा उगम जरा जरी सरकला तरी डिपरची कड फाटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जातो. मूळ ६०/५५ वॅटचे एच४ परत लावा. काच पिवळी पडली आहे ती ८००, १५०० आणि ३००० नंबरच्या पाणकागदाने क्रमाने घासून वर यूव्ही लॅकर मारला तर टिकते. नुसतं पॉलिश केलं तर लवकरच पुन्हा पिवळी.

आता धूर, म्हणजे तो महागडा मुद्दा. गॅरेजने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, बदलायला सांगितलाय. थांबा. वाढवलेल्या आरपीएमला तुमचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.१ टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) ६० पीपीएम आहे. हे आकडे चालू कन्व्हर्टरचे आहेत. नापास झालाय तो लॅम्डा, म्हणजे हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा: आहे १.०६, असायला पाहिजे ०.९७ ते १.०३. सोबत ऑक्सिजन १.२ टक्के. मिसफायर असता, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसतं, तर ऑक्सिजनबरोबर हायड्रोकार्बनही चढला असता. तो चढलेला नाही, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या नंतर, धूर बाहेर जातो त्या बाजूला, सायलेन्सरच्या एखाद्या सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जातेय. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागी, गाडी सुरू करून एकाने जाड हातमोजा घालून सायलेन्सरच्या तोंडाशी जाड कापड काही सेकंद दाबून धरायचं आणि दुसऱ्याने बाजूला बसून सांध्यांवर कान ठेवायचा. फसफस आवाज किंवा काजळीचा काळा डाग जिथे, तिथलं गॅस्केट किंवा क्लॅम्प बदलायचा.

चेक इंजिनचा आरोप मात्र स्पष्ट नाकारतो. बिघाडाचे कोड पुसले की गाडीच्या संगणकातल्या स्वयंतपासण्या ‘अपूर्ण’ होतात आणि पुसल्यापासूनचं अंतर शून्यापासून मोजलं जातं. गाडी देतानाच्या स्कॅनमध्ये सगळ्या तपासण्या पूर्ण आहेत आणि अंतर चार हजार किलोमीटरच्या वर आहे. दिव्याचा बल्ब काढलाय का, हे तुम्हालाही बघता येईल: चावी फिरवल्यावर दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे.

आमची हमी इंजिन आणि गिअरबॉक्सची आहे. शू, टायर, बुश हे झिजणारे भाग त्यात नाहीत, आणि तसं करारात लिहिलं आहे. तरी गाडी आणलीत तर ड्रम तुमच्यासमोर उघडू आणि सायलेन्सरची गळती शोधून देऊ, दोन्हीची मजुरी घेणार नाही. येताना दोन्ही कागद आणा. फेरतपासणीला जाताना गाडी वीसेक मिनिटं चालवून थेट आत घ्या. रांगेत बराच वेळ नुसती सुरू ठेवली तर कन्व्हर्टर थंड पडतो आणि दुरुस्ती बरोबर होऊनही सीओचा आकडा वर जाऊ शकतो.