अर्ध्या तासाची घाई कुणाला?

पणजीत मिरामारला सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सध्या जोरात आहे. उपाशीपोटी व्यायाम केला की चरबी दुप्पट जळते, व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रोटीन घेतलं नाही तर मेहनत पाण्यात, आणि संध्याकाळी जिम केली तर रात्री जेवायचं नाही.

आधी चरबीचं बघू. उपाशी चालताना तेवढ्यापुरती चरबी जास्त वापरली जाते, हे खरं. २०१४ साली व्यायामाचे अभ्यासक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २० तरुणींकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला, काहींकडून उपाशी, काहींकडून खाऊन. आहार दोन्हीकडे बेताचा. वजन आणि चरबी दोन्ही गटांत घटली, पण गटांमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. अभ्यास लहान होता, तरी दुप्पट चरबी लपून राहिली नसती.

माझा खरा राग याच मुद्द्यावर आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या, २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत मधुमेहाचं सगळ्यांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे हा मेसेज वाचणाऱ्यांत इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे कितीतरी असणार. औषध घेऊन, काही न खाता तासभर झपझप चाललं तर रक्तातली साखर नको इतकी उतरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आपल्या दमट हवेत घाम सगळ्यांनाच फुटतो, त्यामुळे ही खूण हमखास निसटते. अशांनी खाण्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

आता तो अर्धा तास. शोनफेल्ड, अ‍ॅरागॉन आणि क्रीगर यांनी २०१३ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले. वेळेचा म्हणून जो फायदा दिसत होता, तो मुळात दिवसभरात जास्त प्रथिनं पोटात गेल्याचा होता. तेव्हा डबा उघडून पावडर घुसळायची घाई नको. घरी जाऊन पोईबरोबर, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाबरोबर, दोन अंडी खा, दुपारी हुमणातला, म्हणजे माशाच्या कालवणातला, बांगडा आहेच. घाई असलीच तर सकाळी फुटबॉलचा सराव करून दुपारी पुन्हा मैदानात उतरणाऱ्या पोरांना. स्नायूंतला साखरेचा साठा लवकर भरून यायला हवा, आणि त्याला उकड्या तांदळाची पेज झकास.

रात्री जेवायचं नाही, याला काहीच आधार नाही. बेताचं जेवा. भरपेट जेवून लगेच धावणं मात्र टाळा: जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या, नुसतं केळं खाल्लं असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे.