गाणं आधी कुणी गाजवलं, ते तरी बघा!

पुन्हा तेच! गाडीत 'टेनेसी व्हिस्की' लागलं आणि मागून आवाज आला, "क्रिस स्टेपलटनचं गाणं ना हे?" नाही हो! १९८१ मध्ये ते डेव्हिड ॲलन कोने गायलं, १९८३ मध्ये जॉर्ज जोन्सने कंट्रीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण बाजाच्या गाण्यांच्या, लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर नेलं. स्टेपलटनचं आलं २०१५ मध्ये. त्याचा तो संथ, ब्लूज संगीताकडे झुकलेला डोल मलाही आवडतो. पण जोन्स एकेक शब्द कसा ताणून, गळ्यात घोळवून सोडतो, ते एकदा तरी ऐका की!

आणि 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'? इथे तर माझं डोकंच फिरतं. व्हिटनी ह्यूस्टनने १९९२ मध्ये ते आभाळाला भिडवलं, १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर, कबूल. पण डॉली पार्टनने ते, ज्याच्या टीव्ही कार्यक्रमात ती गायची त्या गायक पोर्टर वॅगनरची साथ सोडताना लिहिलं होतं. १९७४ मध्ये तिने ते कंट्रीच्या यादीत पहिलं आणलं, १९८२ मध्ये पुन्हा गाऊन पुन्हा पहिलं! एल्विस प्रेस्लीला ते गायचं होतं, पण त्याच्या मॅनेजरने प्रकाशनाचे निम्मे हक्क मागितले. बाईंनी रडत रडत नकार दिला. एवढं सोसून जपलेलं गाणं, आणि लोक मला सांगतात, "डॉलीनेही गायलंय वाटतं हे?"

'गायलंय वाटतं'? अहो, लिहिलंय तिने!